मानपाडा ते मानपाडा : पावसातले पूल आणि न लिहिलेला घसारा

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन स्थाने आहेत आणि पिनकोड चुकला तर माल भलत्याच मानपाड्याला पोहोचतो, हे येथील व्यापारी कुटुंबांस नव्याने सांगण्याची गरज नाही. एक मानपाडा ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेला. दुसरा डोंबिवलीच्या कडेला, कल्याण–शीळ रस्त्यावरचा. दोहोंच्या मध्ये ठाण्याची खाडी आणि उल्हास नदी. पहिल्या मानपाड्याहून निघून दुसऱ्यास भेटून परतणारा प्रवास एक वर्तुळ पूर्ण करतो. कळव्याच्या पुलाने साष्टी बेटावरून बाहेर पडावे, मुंब्रा व शीळ मागे टाकून डोंबिवलीचा मानपाडा गाठावा, पत्रीपुलावरून कल्याणात शिरावे, दुर्गाडीच्या पायथ्याशी उल्हास पार करावी आणि भिवंडीच्या कडेने कशेळीच्या पुलावरून पुन्हा बेटावर यावे. वाहतुकीने कृपा केली तर ही फेरी दिवसाच्या उजेडात आटोपते. तेवढ्यात जलमार्ग, लोहमार्ग आणि हमरस्ते यांचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाकांखालून सरकतो.

अलीकडे ही फेरी मोटारहोममधून करणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्यांची ओळख वाढली. ज्या घरांत बाहेरचे अन्न वर्ज्य आहे, पाणी उकळूनच प्यायले जाते आणि भोजन सूर्यास्तापूर्वी उरकले जाते, त्या घरांना चाकांवरचे स्वयंपाकघर किती सोयीचे, हे वेगळे सांगायला नको. चातुर्मासात दूरच्या प्रवासाची मर्यादा बांधून घेणारेही पुष्कळ असतात. त्यांना जिल्ह्याबाहेर न जाता पाहता येण्यासारखे हे ठिकाण आहे. पूज्य साधू-साध्वी आषाढी चौदसेपूर्वी चातुर्मासाच्या स्थानी पोहोचतात, तेव्हा त्यांच्या विहाराच्या वाटेवरही हेच पूल असतात. पावसात आपण पाय आवरता का घ्यावा, हे पुराचे पाणी खांबांवर आदळताना पाहिले की शास्त्राच्या पोथीशिवायही कळते.

निघण्यापूर्वी पंचांग उघडावे. पूल पाहायचा म्हणजे त्याचे खांब पाहायचे, आणि खाडीतील खांब ओहोटीलाच उघडे पडतात. कोकणातील कोळी आणि तांडेल यांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेची पंधरा घ्यावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमारास भरती. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ भरती आणि मध्यान्ही ओहोटी. खाडीच्या वरच्या टोकास, ठाण्याकडे, ही वेळ थोडी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येते ती उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच प्रहरी आले, की उल्हासचे पाणी समुद्राकडे उतरू शकत नाही, ते मागे तुंबते. तो दिवस घरी बसण्याचा. अष्टमीचा दिवस मात्र या फेरीस योग्य, आणि ज्या घरांत तिथी पाळली जाते त्यांना तो शोधावाही लागत नाही.

ठाण्याचा कळवा पूल कारागृहाजवळून निघतो. हे कारागृह म्हणजेच ठाण्याचा जुना किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या ठाण्याचा तो केंद्रबिंदू. येथील खाडीवर शतकानुशतके पूल नव्हता. होत्या त्या होड्या, पडाव आणि मचवे. श्रीपाल राजाच्या कथेत धवल शेठ त्याला समुद्रात लोटतो आणि नवपदाच्या प्रभावाने तो मगरमच्छाच्या पाठीवरून कोकणाच्या किनाऱ्याला लागतो. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात जाणाऱ्यांना ही कथा पाठच असते. खाडी ओलांडण्याची सोय सर्वसामान्यांसाठी झाली ती मात्र एकोणिसाव्या शतकात, आणि गमतीची गोष्ट अशी की रस्त्याच्या आधी रेल्वेने.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरची तारीख फारशी कोणी लक्षात ठेवत नाही. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला, आणि त्यासाठी ठाण्याची खाडी ओलांडावी लागली. येथे उभारलेला कमानींचा रेल्वेपूल भारतातील पहिला मानला जातो. दापुरी व्हायाडक्ट या नावाने त्याचे जुने चित्र प्रसिद्ध आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले होते; परंतु या कंपनीमागे जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई या मुंबईच्या व्यापाऱ्यांची पतही उभी होती, आणि मार्गाचे काही टप्पे जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने पुरे केले. लोहमार्गाचा इतिहास लिहिताना व्यापाऱ्यांचा उल्लेख भांडवलापुरता होतो. चुन्याची घाणी, दगडाच्या खाणी, बैलगाड्या, मजुरांची रसद, रोजंदारीचे वाटप, हे सारे ज्यांनी जुळवले त्यांची नावे बहुधा कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

शेजारचा कळव्याचा दगडी रस्तापूल १८६३ सालचा. घडीव दगडांच्या कमानी, खाली चिखलात रुतलेले खांब. अशा पुलाचे कौशल्य समजण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो; वरून ओझे आले की तो दाब वाढतो आणि कमान अधिकच घट्ट होते. दगडाला दाब सोसवतो, ताण सोसवत नाही. म्हणून कमानीत ताण येऊ द्यायचाच नाही, ही सारी युक्ती. ज्या बांधकामावरून बैलगाड्या जाव्यात अशी कल्पना होती, त्यावरून पुढे बसगाड्या आणि मालमोटारीही गेल्या, त्याचे कारण हेच. या रचनेची एक अट मात्र आहे. दोन्ही बाजूंचे पाय हलता कामा नयेत. एक खांब वीतभर खचला तर कमानीतील दाबाची वाट मोडते, आणि मग दगड कितीही उत्तम असोत, ते दगडच राहतात, पूल राहत नाही.

पावसात पूल पाहण्यास जाणाऱ्याने मनाशी ठेवावयाची गोष्ट हीच आहे. पाहणाऱ्याची नजर कमानीवर, कठड्यावर, वरून धावणाऱ्या गाड्यांवर जाते. पण अशा पुलाचा सर्वांत मोठा शत्रू वरचे ओझे नसून खालचे पाणी असते. पुराचा प्रवाह खांबाला धडकतो, दुभंगतो, आणि त्याचा एक भाग खांबाच्या पुढच्या अंगाने सरळ तळाकडे वळतो. तेथे भोवरा होऊन तो खांबाला दोन्ही बाजूंनी वेढा घालतो आणि तळाची वाळू उपसून नेतो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा चौपट होतो. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. म्हणून प्रवाहाच्या बाजूचा खांब ते होडीच्या नाळेसारखा टोकदार करीत. तरीही खड्डा पडतोच. आणि या खड्ड्याची लबाडी अशी, की पूर ओसरू लागला की त्यात सैल गाळ येऊन बसतो. हिवाळ्यात पाहणीस येणाऱ्यास तळ सपाट दिसतो, पाया शाबूत भासतो. रोकड मोजताना बंडल पुरे भरावे आणि आतल्या नोटा कोऱ्या कागदाच्या निघाव्यात, तसा हा प्रकार.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ जे घडले ते आठवल्याशिवाय कळव्याच्या पुलासमोर उभे राहता येत नाही. मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल महापुरात कोसळला. महाबळेश्वरच्या बाजूने धो-धो पाऊस उतरत होता, रात्र अंधारी होती, आणि पूल नाहीसा झाला आहे हे समोरून येणाऱ्या चालकांना दिसण्याची काही सोय नव्हती. एस. टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या आणि काही खासगी वाहने एकामागोमाग प्रवाहात गेली. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या लक्षात आले की पुलावर चढणारे दिवे पलीकडे दिसत नाहीत. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी धावत जाऊन मागून येणारी वाहने अडवली, म्हणून पुढची हानी टळली. बुडालेल्या बसगाड्यांचे सांगाडे सापडण्यास कित्येक दिवस लागले. काही प्रवासी सापडलेच नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरवला गेला होता. पाहणाऱ्यांनी हयगय केली असेल वा नसेल. मे महिन्यातील कोरडी नदी आणि ऑगस्टमधील नदी ही दोन निराळी व्यक्तिमत्त्वे असतात, एवढे तरी त्यातून दिसते.

सावित्रीवर नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. त्या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण महाडच्या त्या रात्रीचा खरा परिणाम राज्यभरातील जुन्या पुलांवर झाला. ठिकठिकाणी तपासण्या सुरू झाल्या आणि कळव्याचा हा दगडी पूलही २०१६ मध्येच वाहनांसाठी बंद करण्यात आला. कळव्याच्या लोकांची कोंडी झाली, व्यापाऱ्यांचा माल तासन्‌तास अडकला, पुष्कळ कुरकुर झाली. शेजारी तिसरा पूल येण्यास २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. सहा वर्षांची गैरसोय ही लहान गोष्ट नव्हे. तरीही ज्या अधिकाऱ्याने पुलाच्या तोंडाशी अडथळा उभा केला, त्याने ठाणेकरांचे भलेच केले, असे म्हणावे लागते. पूल बंद केल्याबद्दल सत्कार कोणाचा होत नाही.

‘इंग्रजांच्या वेळचे काम, हलायचे नाही,’ असे एक वाक्य अशा ठिकाणी हटकून ऐकू येते. ते निम्मे खरे आहे. बोर घाटातील लोहमार्ग एप्रिल १८६३ मध्ये मोठ्या समारंभाने खुला झाला, आणि त्याच मार्गावरील माव-की-मळीचा कमानपूल चारच वर्षांनी, जुलै १८६७ च्या पावसात, कोसळला. बाहेरून घडीव दगड आणि आत कच्च्या चुन्यात टाकलेले डबर, असे त्याचे पोट निघाले. पुढे कंपनीला इतरही पुलांची फेरबांधणी करावी लागली. म्हणजे आज जे ब्रिटिशकालीन पूल दिसतात ते त्या काळच्या सर्व कामांचे नमुने नव्हेत. ती त्यातून गाळून उरलेली चांगली कामे आहेत. वाईट कामे केव्हाच वाहून गेली, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत.

कळव्यानंतर रस्ता पारसिकच्या डोंगराला लगटून जातो. एका हाताला रेतीबंदरची खाडी, दुसऱ्या हाताला मुंब्र्याच्या कड्यावरून कोसळणारे धबधबे. डोंगराच्या पोटातून गेलेला पारसिकचा बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. हा टप्पा खिडकीतूनच पाहावा. मुंब्रा बायपासवर पावसाळ्यात दरडी येतात आणि मोटारहोमसारखी उंच, रुंद गाडी कड्याखाली उभी करून फोटो काढण्याचा मोह आवरणे इष्ट.

शीळ फाट्यावरून डावीकडे वळले की कल्याण–शीळ रस्ता. पलावा आणि काटई ओलांडल्यावर डोंबिवलीचा मानपाडा येतो. येथे पाहण्यासारखा जुना पूल नाही, पण थांबून जेवण उरकण्यास जागा मिळू शकते. त्याच्या अलीकडेच पलावाजवळचा नवा उड्डाणपूल आहे. २०२५ च्या जुलैत तो खुला झाला आणि पहिल्याच दिवशी पावसाने निसरडा होऊन दुचाकी घसरू लागल्याने काही तासांत थोड्या वेळासाठी बंद करावा लागला. जुने म्हणजे धोक्याचे आणि नवे म्हणजे निर्धोक, असा सरळ हिशेब पुलांच्या बाबतीत मांडता येत नाही.

पुढे पत्रीपूल. या पुलाखाली पाणी नाही, रूळ आहेत. १९१४ च्या सुमाराचा हा लोखंडी पूल कल्याणच्या तोंडाशी लोहमार्गावर उभा होता, आणि कल्याण–शीळ रस्त्याची सारी वाहतूक त्याच्या अरुंद देहावरून जात असे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला आणि १८ नोव्हेंबर २०१८ रोजी रेल्वेने मेगाब्लॉक घेऊन तो उतरवला. त्यानंतर दोन पावसाळे कल्याण-डोंबिवलीकरांनी जे सोसले ते येथील दुकानदारांना अद्याप आठवते. गिऱ्हाईक येत नाही, टेंपो वेळेवर सुटत नाही, रुग्णवाहिका अडकून पडतात. ७६ मीटरांहून लांब असा नवा पोलादी गर्डर २०२० च्या नोव्हेंबरात रूळांवरून हळूहळू सरकवला गेला, तेव्हा पाहण्यास गर्दी जमली होती. २५ जानेवारी २०२१ रोजी नवा पूल खुला झाला. पत्र्याचा पूल गेला, तरी लोकांच्या तोंडी तो पत्रीपूलच आहे.

व्यापारी आपल्या यंत्राचा, गाडीचा, फर्निचरचा घसारा दर वर्षी वहीत लिहितो. यंत्र आज चालते आहे म्हणून त्याची किंमत खरेदीइतकीच आहे, असे कोणताही शहाणा पेढीवाला मानत नाही. पुलाचा घसारा मात्र कोणाच्या वहीत लिहिला जातो? पूल बांधला त्या वर्षी खर्च दिसतो, पाटी लागते, फीत कापली जाते. नंतरची पन्नास-शंभर वर्षे तो फुकटात मिळाल्यासारखा वापरला जातो. दगडांमधल्या दर्जा वेळेवर भरणे, पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, सांध्यांत उगवलेले पिंपळ आणि उंबर मुळे घट्ट होण्याआधी काढणे, पावसाळ्यानंतर पाणबुड्यांकडून खांबांचे पाय तपासून घेणे, ही कामे स्वस्त आहेत, आणि स्वस्त असल्यामुळेच ती टळतात. त्यांची फीत कापता येत नाही. मग एके दिवशी सारा घसारा एकरकमी भरावा लागतो. कधी तो दोन वर्षांच्या कोंडीने, तर कधी माणसांनी.

कल्याणचे वय या सर्व पुलांहून फार मोठे आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नोंद आहे. ज्यांनी पाण्याच्या पोढी खोदवल्या, त्यांचा माल नाणेघाटातून उतरत असे आणि याच खाडीतून गलबतांवर चढत असे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी मराठी आरमाराची जुळवाजुळव सुरू झाली. त्या काळी उल्हास अडथळा नव्हती, ती स्वतःच रस्ता होती. पूल असता तर शिडाची गलबते वर आलीच नसती. दुर्गाडीचा घाट हा या फेरीतील सर्वांत निवांत निरीक्षणाचा बिंदू. किल्ल्याच्या बाजूने पाहिले तर जुना पूल आणि शेजारचा नवा, दोन्ही एका दृष्टिक्षेपात येतात, आणि खांबांमधून निघताना पाण्याचा रंग आणि आवाज कसा बदलतो तेही कळते. घाटाच्या खालच्या पायऱ्या मात्र पावसाळ्यात मोजू नयेत.

कोणास उत्साहाने मुरबाड रस्त्याने रायत्यापर्यंत जावेसे वाटेल. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी तो बेत सोडावा. रायत्याचा उल्हासवरील पूल अतिवृष्टीत पाण्याखाली जातो आणि कल्याण–मुरबाड वाहतूक थांबते. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या वरच्या अंगाला, बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. उल्हास कितीही संथ दिसली तरी कर्जतच्या डोंगरात पडलेला पाऊस काही तासांनी कल्याणला पोहोचतो. येथे आकाश निरभ्र असताना पाणी चढू शकते.

पूल पाहण्याची हौस पुलावर उभे राहूनच भागवली पाहिजे, ही समजूत किती महाग पडते, हे १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळ्याने दाखवले. रविवार होता, इंद्रायणी दुथडी भरली होती, आणि तीच शोभा पाहण्यास आलेल्या पर्यटकांनी अरुंद, जुना लोखंडी पूल भरून गेला होता. पूल कोसळला, चौघांचे प्राण गेले, अनेकजण जखमी झाले. सौराष्ट्राशी नाते असलेल्या घरांना मोरबीचा झुलता पूलही विसरता येणार नाही. दुरुस्तीनंतर तो २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, बेसत्या वर्षाच्या मुहूर्तावर उघडला आणि चारच दिवसांनी तुटला. १३५ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी गर्दी आनंदासाठी जमली होती. पुलाच्या मध्यावर थांबलेला माणूस हा पुलाच्या हिशेबात वाहत्या वाहनापेक्षा निराळा धरावा लागतो. वाहन निघून जाते, गर्दी साचून राहते. म्हणून पूल बाजूने पाहावा, काठावरून पाहावा, आणि ओलांडताना केवळ ओलांडावा.

मोटारहोमधारकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. भाड्याने गाडी घेताना नोंदणीपत्रातील एकूण वजनाचा आकडा पाहून ठेवावा आणि त्यात भरलेल्या टाकीचे वजन धरले आहे का ते विचारावे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी केली नसेल तर तेवढेच आणखी. जुन्या पुलांच्या तोंडाशी अवजड वाहनांना मनाई करणारी पाटी किंवा उंची मर्यादित करणारा लोखंडी दांडा असतो. घराच्या सोयी असल्या तरी कायद्याच्या आणि पुलाच्या दृष्टीने ते वाहनच. छतावरचा वातानुकूलन यंत्राचा डबा धरून उंची किती होते हे चालकाला तोंडपाठ हवे. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर उभ्या, सपाट बाजूंची ही गाडी लहान मोटारीपेक्षा सुरक्षित आहे असे मुळीच मानू नये. प्रवाहाला ढकलण्यासाठी तिचा पृष्ठभाग अधिक मोठा असतो. विम्याचे कागदही एकदा वाचावेत. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. हप्त्यात पडणारा फरक थोडा असतो, बिलात पडणारा मोठा.

पाडलेल्या पुलाचे काय उरते, हे पाहायचे असेल तर एखाद्या रविवारी मुंबईस जावे. मस्जिद बंदरच्या बाजारपेठेला क्रॉफर्ड मार्केटशी जोडणारा कर्नाक पूल १८६८ चा. किराणा, लोखंड आणि सुक्यामेव्याच्या किती पिढ्यांचा माल त्यावरून हातगाड्यांनी गेला असेल. २०२२ च्या नोव्हेंबरात सत्तावीस तासांच्या ब्लॉकमध्ये तो उतरवण्यात आला आणि त्याच्या जागी उभारलेला सिंदूर पूल १० जुलै २०२५ रोजी खुला झाला. जुन्या पुलाचे नाव कोरलेले बेसॉल्टचे दगड मात्र फोडून भरावात टाकले गेले नाहीत. रेल्वेने ते जपून ठेवले. त्यांवर नाव इंग्रजी, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत आहे. ज्यांनी तो पूल वापरायचा त्यांना आपापल्या लिपीत वाचता यावे, एवढा विचार दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी खात्याने केला होता.

परतीच्या वाटेवर भिवंडीच्या गोदामांची रांग संपली की कशेळी येते आणि उल्हास दुसऱ्यांदा ओलांडावी लागते. ठाण्याच्या बाजूला उतरून, वाहतुकीपासून दूर, गाडी सुरक्षित जागी उभी करता आली तर काठावरून खांबांकडे निरखून पाहावे. खालच्या भागात हिरव्या-काळ्या शेवाळाची जी सरळ रेघ दिसते ती रोजच्या भरतीची. तिच्या वर सुकलेला चिखल, अडकलेले गवत, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या दिसतील. तेथपर्यंत यंदाचे पाणी चढले होते. दोन्हींमधील अंतर अंदाजाने वहीत टिपून ठेवावे, त्या दिवसाची तिथी आणि वेळ लिहावी, मुलांकडून एक छायाचित्र काढून घ्यावे. पुढल्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच तिथीला, दुसरे छायाचित्र काढता येईल. खांबाच्या बुडाशी पूर्वी न दिसलेला दगडांचा थर उघडा पडलेला आढळला, तर दोन्ही छायाचित्रे महापालिकेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे लेखी अर्जासोबत द्यावीत आणि पोच घ्यावी. पेढीवर कागद सांभाळण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे काम जड जाणार नाही. कशेळीहून बाळकुममार्गे ठाण्याचा मानपाडा फार दूर नाही. भांग असेल तर दुपारनंतर खाडीत पुन्हा पाणी भरू लागते आणि शेवाळाची ती रेघ हळूहळू दिसेनाशी होते.